अंड्याची बग्गी



ज्युबिलीच्या मंगल दिवसांत अंड्यासारख्या क्षुल्लक वस्तूवर बोलण्यास आम्हीं उभें राहावें, ह्याचें कोणास नवल वाटेल. तथापि अंडें ख्रिस्ती जनांस परकें नाहीं. पूर्वीं उपवासकाळांत अंडीं वर्ज्य असत. म्हणून इस्टरला तीं आशीर्वादित करून घेण्याची व परस्परांस देण्याची चाल पडली. १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथांत अंड्यांसाठीं आशीर्वादाची स्वतंत्र प्रार्थना आहे. बंद कवच ही कबर व त्यांतून निघणारा जीव हें पुनरुत्थान, असा अर्थ भाविकांनीं त्यांत पाहिला.

ह्याच चालीशीं जवळचें नातें असलेली एक हस्तकला म्हणजे अंड्याची बग्गी. अंडें मोठें घ्यावें. बारीक छिद्रें पाडून आंतील बलक फुंकून काढावा व कवच धुवून पूर्ण वाळवावें. दारें-खिडक्या पेन्सिलीनें आंखून लहान फिरत्या पातीनें हळूहळू कापाव्या. कवचाची धूळ श्वासांत जाऊं नये म्हणून नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी. मग अंडें आडवें ठेवून त्यास जुने दागिने चिकटवावे: वाटोळ्या पदकांचीं चाकें, तुटक्या साखळीचे लगाम, जोडी हरवलेल्या कर्णफुलाचा दिवा.

ह्या प्रकारांतील जगप्रसिद्ध नमुना रशियांतील आहे. मात्र तो सोन्याचा. १८८५ सालीं झार तिसरा अलेक्झांडर ह्यानें राणी मारिया हिला फाबर्जे ह्या जवाहिऱ्याच्या पेढीनें घडविलेलें पहिलें अंडें इस्टरनिमित्त दिलें. पुढें राजघराण्यासाठीं अशीं एकंदर ५० अंडीं झालीं. १८९७ च्या इस्टरला दुसऱ्या निकोलसनें राणी अलेक्झांड्रा हिला दिलेलें अंडें १२.७ सेंटिमीटर उंच आहे. त्याच्या पोटांत राज्याभिषेकाच्या मिरवणुकींतील बग्गीची हुबेहूब प्रतिकृति आहे. तिची लांबी जेमतेम ९ सेंटिमीटर; तरी तिचीं दारें उघडतात, पायऱ्या खालीं येतात, खिडक्यांस स्फटिक जडविलेले आहेत. जॉर्ज स्टाईन नांवाचा कारागीर वर्षाहून अधिक काळ तिजवर राबला.

आतां दुसरी बाजू ऐका. तो राज्याभिषेक १८९६ च्या मे महिन्यांत मॉस्को येथें झाला. चार दिवसांनीं खोदिंका मैदानावर रयतेस भेट वांटावयाची होती: एक पेला, पाव व थोडा खाऊ. एवढ्यासाठीं लाखों लोक रात्रीपासून जमले. चेंगराचेंगरी झाली आणि १,३०० हून अधिक माणसें मेलीं. झारनें पुढें जखमींची विचारपूस केली, मृतांच्या कुटुंबांस द्रव्यही दिलें; परंतु त्याच रात्रीं तो फ्रेंच वकिलाच्या नृत्यसमारंभास गेला होता. लोक तें विसरले नाहींत. पुढल्या इस्टरला त्याच सोहळ्याचें स्मारक म्हणून ती सुवर्णाची बग्गी राणीच्या हातीं आली. तींत खोदिंकाची कांहींच खूण नव्हती.

१९१७ सालीं राज्य गेलें. १९१८ सालीं सारें राजकुटुंब मारलें गेलें. १९२७ सालीं सोव्हिएत सरकारनें तें अंडें लंडनच्या व्यापाऱ्यास विकलें. पुढें तें अमेरिकेंत गेलें, आणि आज सेंट पीटर्सबर्ग येथील फाबर्जे संग्रहालयांत आहे. बग्गी राहिली, तींत बसणारे राहिले नाहींत.

ह्यावरून कोणी म्हणेल, ही कला सोडूनच द्यावी. आम्हांस तसें वाटत नाहीं. कारागिराच्या हातांत दोष नव्हता. दोष होता तो आनंदाच्या स्मृतींतून दुःखितांस वगळण्यांत. आमच्या माताभगिनींच्या पेट्यांत एकटें कर्णफूल, फांसा तुटलेली साखळी पडून असते. तें घालतां येत नाहीं, आणि आईचें म्हणून टाकवतही नाहीं. अशा वस्तूस ही बग्गी योग्य जागा देते. खरें सोनें मात्र ह्या कामीं लावूं नये. तें मुलांच्या शिक्षणास व आजाऱ्याच्या औषधास राखावें.

आणि अंडें फुंकून काढाल, तेव्हां बलक स्वच्छ भांड्यांत धरा. तो शिजवून प्रथम शेजारच्या गरजू घरीं पोंचवा. मग कवचास हात लावा. असें झालें, तर इस्टरच्या मेजावरील आमची बग्गी झारच्या बग्गीहून दरिद्री ठरणार नाहीं.

परमेश्वर आपणां सर्वांचें कल्याण करो.