एक किल्ली, अनेक कुलुपं

लोणारच्या सरोवराची कथा आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकली असेल. लवणासुर जमिनीच्या पोटात दडून बसला होता. वर भक्कम झाकण होतं. विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं, दैत्याच्या बहिणींकडून त्याचा ठावठिकाणा काढून घेतला आणि पायाच्या अंगठ्यानं ते झाकण उडवलं. हे विवर उल्का पडून झालं, असं आज शास्त्र सांगतं. पण कथेतली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे: झाकण कच्चं नव्हतं, गुपित घरातून फुटलं. तिथं रूप बदलून आले ते देव होते. आपल्या मोबाइलवर रूप बदलून येतात ते मात्र ठग असतात.

आज आपलं गुपित म्हणजे पासवर्ड. शेतकऱ्याला महाडीबीटीचा अर्ज भरायचा असतो, गुरुजींना शालार्थ आणि यू-डायसची कामं असतात. शिवाय ई-मेल आहे, बँक आहे. इतके शब्द लक्षात राहणार कसे? म्हणून आपण सगळीकडे एकच ठेवतो.

मीही तेच केलं होतं. गावाचं नाव आणि जन्मसाल, झाला पासवर्ड! कुठल्याशा दुकानाच्या संकेतस्थळावरून तो फुटला असावा. एके सकाळी माझा ई-मेल मलाच उघडेना. माझ्या नावानं ओळखीच्यांना निरोप गेले होते, 'अडचणीत आहे, पैसे पाठवा.' एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी पाच हजार पाठवलेसुद्धा. पैशांपेक्षा मला लागलं ते हे, की त्यांनी ते माझ्यावरच्या विश्वासानं पाठवले होते.

चोरांची रीत साधी असते. एका जागी हाती लागलेली किल्ली ते दहा कुलुपांना लावून पाहतात. म्हणून प्रत्येक कुलपाला वेगळी किल्ली हवी, आणि त्या किल्ल्या ठेवायला तिजोरी हवी. पासवर्ड मॅनेजर हे ॲप म्हणजे ती तिजोरी. ते प्रत्येक ठिकाणासाठी लांबलचक, अर्थहीन पासवर्ड स्वतः तयार करतं आणि कूटलिपीत जपून ठेवतं. आपण लक्षात ठेवायचा तो फक्त तिजोरीचा, एकच. दुसरा फायदा त्याहून मोठा. बँकेसारखं हुबेहूब दिसणारं खोटं पान आपल्या डोळ्यांना फसवतं. ॲप मात्र चेहरा पाहत नाही, पत्ता पाहतं. पत्ता जुळला नाही तर ते आपणहून पासवर्ड भरत नाही. तेव्हा ते गप्प राहिलं, तर आपणही थांबावं.

अँड्रॉइड फोनमध्ये गूगलची अशी सोय असते. बिटवॉर्डन फोन आणि संगणक दोन्हींवर मोफत चालतं. कीपासएक्ससीमध्ये तिजोरीची फाइल आपल्याच संगणकावर राहते. तिची एक प्रत मात्र दुसरीकडे ठेवावी.

कुणी विचारील, 'सगळं एकाच पेटीत? पेटीच चोरीला गेली तर?' शंका रास्त आहे. 2022 साली लास्टपास या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती खरोखरच चोरीला गेल्या. त्यांतले पासवर्ड कूटलिपीत होते; पण ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा, त्यांना धोका अधिक. म्हणून तो लांब ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द घ्या, जसे विळा, टपाल, चिंच, सतरंजी, पाऊस. आता हे मी सगळ्यांदेखत सांगितले. तुम्ही आपले वेगळे निवडा बरं का! बऱ्याच ॲपांत हा शब्द विसरला तर कंपनीलाही तिजोरी उघडता येत नाही. म्हणून तो कागदावर लिहा, सातबाऱ्याच्या कागदांबरोबर पेटीत ठेवा आणि घरातल्या एका भरवशाच्या माणसाला ती जागा सांगून ठेवा.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळेचा पासवर्ड फळ्याशेजारी चिकटवू नका. तो जाणणाऱ्या कुणाची बदली झाली, की त्याच दिवशी बदला. सायबर कॅफेच्या संगणकावर आपली तिजोरी उघडू नका. ओटीपी आणि यूपीआय पिन तर सख्ख्या भावालाही सांगायचा नाही. फसगत झालीच, तर लाजून घरी बसू नका. ताबडतोब 1930 वर फोन करा.

सुरुवात आज रात्रीच करा, आणि ई-मेलपासून करा. कारण ई-मेल ज्याच्या हाती, त्याला बाकीचे पासवर्ड बदलता येतात. मग बँक, मग बाकीची. रोज एक कुलूप बदललंत, तरी महिन्याभरात घर बंदोबस्तात येईल.