कानातला बिल्ला आणि म्हशीचा भाव
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



पुढच्या मंगळवारी लाळ्या-खुरकुताची लस घेऊन डॉक्टर येणार आहेत, म्हणून आज त्यावरच बोलते.

जानेवारी 2025 मध्ये जर्मनीत, बर्लिन शहराजवळ, 14 म्हशींच्या कळपात हा रोग निघाला. त्या देशात 1988 नंतर पहिल्यांदाच. कळप एकच, पण ब्रिटन आणि दक्षिण कोरियाने लगेच जर्मनीचं मांस घेणं थांबवलं. म्हशी एकाच्या, फटका सगळ्या देशातल्या पशुपालकांना.

आपल्याकडे तर हा रोग मुरलेलाच आहे. त्यामुळे रोगमुक्त देश आपलं कच्चं मांस सहसा घेत नाहीत. म्हशीचं मांस व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त अशा देशांत जातं, तेही हाडं आणि गाठी काढून, कारण विषाणू तिथे टिकतो. (गाय-बैलांचं सोडा, बैलांच्याही कत्तलीला राज्यात 2015 पासून बंदी आहे.) तुम्ही म्हणाल, आम्हाला परदेशाशी काय करायचंय? पण भाकड म्हैस बाजारात नेल्यावर व्यापारी जो आकडा सांगतो, त्यामागे हे गिऱ्हाईकही असतं. गिऱ्हाईक मोजकंच असलं की भाव तेच ठरवणार.

2019 पासून केंद्र सरकारची ही लस फुकट आहे, दर सहा महिन्यांनी. 2030 पर्यंत रोग संपवायचं ठरलंय. रोगमुक्त पट्टे करायला निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्रही आहे. पण लसवाले आले की निम्मी जनावरं रानात, मग पट्टा कसला होतोय!

‘लस दिली की दूध आटतं’ असं बऱ्याच जणी म्हणतात. खरंय, एक-दोन दिवस थोडं कमी होतं. पण रोग आला तर तोंडात फोड, खुरात जखमा, वैरणीला तोंड नाही. दूध पुन्हा पहिल्यासारखं येईलच असं नाही. आणि सोसायटीचा हप्ता थांबत नाही.

दुसरं, शेण-पाणी, वैरण, धार सगळं तुम्हीच करता. मग लसीच्या दिवशीच ‘घरात विचारून सांगते’ का? हे मला खटकतं.

बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो, लसीची नोंद त्यावरच होते, म्हणून तो काढू नका. रेडकाला चौथ्या महिन्यात पहिली लस, महिन्याने दुसरी. बाजारातून आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधा.

रविवारपर्यंत प्रत्येक गटाने जनावरांची यादी पशुसखीकडे द्यावी. म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभण असेल तर तसं लिहा. मंगळवारी सकाळी सातला जनावरं दावणीलाच ठेवा.