दिवा कोणी लावायचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



काळारामाच्या दर्शनाहून पंचवटी कारंजापर्यंत चालत गेले, की वाटेत निदान चौघीजणी मला विचारतात, "तू नक्की काय काम करतेस ग?" मी म्हणते, "लोक वस्तू कशा वापरतात ते पाहते." त्यावर दुसरा प्रश्न येतो, "त्याचे पैसे मिळतात?" मिळतात. तेव्हा आज एकदाच काय ते सांगून टाकते.

मोबाइलवरची ॲप, बँकेची यंत्रे, हल्ली फोनवरून लागणारे दिवे, हे सारे कोणीतरी आखलेले असते. आखणाऱ्याला ते सोपेच वाटते, कारण त्याने ते स्वतः केलेले असते. माझे काम एवढेच, की वस्तू बाजारात जाण्याआधी ती चार घरी नेऊन माणसांच्या हाती द्यायची आणि शेजारी गप्प बसून पाहायचे. गप्प बसणेच अवघड. नव्या सुनेला पहिली पुरणपोळी लाटताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको.

आता घरचीच गोष्ट. माझ्या आत्याबाई ७८ वर्षांच्या. त्यांच्या मुलाने हौसेने घरभर असे फोनचे दिवे बसवले. आत्याबाईंची जन्माची सवय अशी, की खोलीतून बाहेर पडताना भिंतीवरचे बटण बंद करायचे. पण या दिव्यांच्या पोटात फोनचा संदेश घेणारे एक छोटे यंत्र असते, त्याला सतत वीज लागते. बटण बंद केले की फोनला दिवा सापडेनासा होतो. मग मुलाने बटणावर चिकटपट्टी लावली आणि वर लिहिले, "बंद करू नये." रात्रीचा दिवा फोनवरून लावायचा, असे ठरले.

आत्याबाईंना तो लावता येईना. त्या कोणाला बोलल्या नाहीत. आठ दिवस त्या रात्री अंधारातच चाचपडत मोरीकडे जात राहिल्या आणि नवव्या रात्री उंबऱ्याला अडखळून मनगट मोडून बसल्या. दवाखान्यात मला म्हणतात कशा, "मला मेलीलाच काही कळत नाही ग!"

मी परक्यांच्या घरी वही घेऊन बसते, आणि त्या आठ दिवसांत दोनदा आत्याबाईंकडे चहा पिऊन आले होते. एकदाही विचारले नाही, की रात्री दिवा कसा लावता?

सारखे स्वतःलाच दोष देणे, हे मी घरोघरी पाहते, आणि बायकांत अधिक पाहते. अमेरिकेतले डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिले. त्यात दिव्याच्या बटणांचाही विचार आहे. एका ओळीत सारखीच बटणे. कोणत्या बटणाने कोणता दिवा लागेल, हे कळावे कसे? त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत खोलीचा नकाशाच भिंतीवर बसवला आणि दिवा जिथे, तिथेच नकाशावर त्याचे बटण ठेवले. आपल्याकडे पाहुणा पंखा लावायला उठतो, सगळे दिवे लावून विझवतो आणि वर ओशाळतो. ओशाळायचे खरे तर बोर्ड बसवणाऱ्याने!

आपल्या मराठीसाठीही असे काम झाले आहे. पवईच्या आय.आय.टी.त १९६९ साली औद्योगिक रचनेचे केंद्र निघाले. तिथे फोनसाठी 'स्वरचक्र' नावाचा कळफलक तयार झाला. त्यावर अक्षरे शाळेतल्या क्रमानेच, क, ख, ग, घ. 'क'वर बोट ठेवले, की भोवती का, कि, की, कु यांचे चक्र उमटते. हवे तिकडे बोट सरकवायचे. बाराखडी ज्यांना येते, त्यांना निम्मे आधीच आलेले असते.

आत्याबाईंच्या घरी चिकटपट्टी काढली. खोलीत साधा बल्ब परत लावला आणि मोरीच्या वाटेवर पाऊल पडताच आपोआप लागणारा दिवा बसवला. त्याला त्या "शहाणा" म्हणतात. मुलाचे रंगीत दिवे बैठकीच्या खोलीत आहेत. दिवाळीत छान दिसतात, मला आवडतात.

पुढच्या महिन्यात मी तुमच्यापैकी काहीजणींकडे येणार आहे. चहा जरूर ठेवा. एखादे बटण सापडले नाही तर मात्र हसून सोडून देऊ नका. मी वहीत लिहून घेईन.