वेगाची कीर्द

मोटरसायकलींच्या शर्यतीचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून आले, की आपली दृष्टी प्रथम स्वारावर खिळते. त्याचा गुडघा रस्त्याला टेकलेला असतो, यंत्र जवळजवळ आडवे झालेले असते आणि मागचे सारे जग रेषारेषांत विरून गेलेले असते. हे चित्र कोणी आणि कसे घेतले असेल, असा प्रश्न सहसा मनात येत नाही. छायाचित्र म्हणजे यंत्राने आपण होऊन दिलेली साक्ष, अशी आपली समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, आणि ती पुरती खरी नसेल तर या साक्षीवर विश्वास कशाच्या बळावर ठेवावयाचा, याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

हा विषय आपल्याला परका राहिलेला नाही. मद्रासजवळ शोलावरम येथे महायुद्धाच्या काळातील विमानांच्या धावपट्टीवर पूर्वी शर्यती होत असत. १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे खास शर्यतींसाठी बांधलेला मार्ग सुरू झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी ही जागतिक शर्यत भारतात प्रथमच झाली. त्याच वर्षी इटलीतील मुजेल्लो येथे ब्रॅड बिंडर या स्वाराने ताशी ३६६.१ किलोमीटर वेग गाठला होता. याचा अर्थ, एका सेकंदात शंभर मीटरांहून अधिक अंतर!

आपण उदाहरणासाठी याच्या निम्माच, ताशी १८० किलोमीटरचा वेग घेऊ. या वेगाने जाणारी मोटरसायकल एका सेकंदात पन्नास मीटर पुढे जाते. कॅमेऱ्याचे शटर सेकंदाचा दोनहजारावा भाग उघडले, तर तेवढ्यात ती अवघी अडीच सेंटिमीटर सरकते. चित्र लख्ख येते. टायरवरील अक्षरेदेखील वाचता येतात. परंतु त्या चित्रात वेग उरत नाही. चाकाचे आरे स्थिर दिसतात, आणि कोणीतरी गाडी रस्त्यात उभी करून तिच्यावर स्वाराला बसविले आहे, असा भास होतो. जे क्षणमात्र खरे होते ते बिनचूक टिपले गेले, पण जे घडत होते ते निसटले.

म्हणून जाणते छायाचित्रकार शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या, कधी साठाव्या भागापर्यंत मंद करतात आणि कॅमेरा स्वाराबरोबर फिरवितात. याला पॅनिंग म्हणतात. पाय रोवून उभे राहावयाचे, कमरेपासून वळावयाचे आणि शटर मिटल्यावरही ते वळणे चालू ठेवावयाचे. गोफणीने पाखरे हाकणारा राखणदार दगड सुटला म्हणून हात मध्येच थांबवीत नाही, तशीच ही गोष्ट आहे. अशा चित्रात स्वार स्पष्ट राहतो आणि पार्श्वभूमी ओढली जाते. सेकंदाच्या सव्वाशेव्या भागात चाकाचा सुमारे एक पंचमांश फेरा पूर्ण होतो; त्यामुळे आरे एकमेकांत मिसळून जातात. बरीचशी चित्रे वाया जातात. जी साधतात, त्यांत अस्पष्टता हा दोष नसून तीच वेगाची नोंद असते.

झाक आंरी लार्तीग या फ्रेंच तरुणाने १९१२-१३ च्या सुमारास शर्यतीतील एका मोटारीचे चित्र घेतले होते. त्यात मोटारीचे चाक पुढे कललेले आणि लंबगोल दिसते, तर कडेचे प्रेक्षक उलट बाजूला झुकलेले दिसतात. त्या काळच्या शटरची फट काचेवरून हळूहळू सरकत असे आणि तो स्वतः कॅमेरा फिरवीत होता, या दोहोंचा तो परिणाम. डोळ्यांना असे चाक कधीच दिसत नाही. तरीही ते तिरपेपण कोणी मागाहून घातलेले नव्हते. त्या क्षणी यंत्रासमोर जे घडले त्याचीच ती खूण होती. ही गोष्ट लक्षात ठेवावयास हवी, कारण आता आपण शर्यतीनंतरच्या कामाकडे वळणार आहोत.

आजच्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर असतो, आणि त्याने घेतलेली मूळ नोंद ज्या फायलीत राहते तिला रॉ, म्हणजे कच्ची फाइल म्हणतात. नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. चौदा बिटांच्या रॉ नोंदीत त्या १६,३८४ असू शकतात. म्हणूनच स्वाराच्या काळ्या चामडी पोशाखातील अंधारलेला तपशील मागाहून वर काढता येतो. मात्र शिरस्त्राणावर ऊन इतके तळपले, की तेथे सेन्सरची क्षमताच संपली, तर ती जागा कोरी राहते. जेथे नोंदच झाली नाही, तेथून कोणतीही कुशलता काही परत आणू शकत नाही.

‘मी चित्राला हातही लावलेला नाही,’ असे पुष्कळजण अभिमानाने सांगतात. पण बहुतेक सेन्सरांची रचनाच अशी आहे, की प्रत्येक बिंदू तांबडा, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांच्या नावाने १९७६ मध्ये या योजनेचे पेटंट झाले. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने ठरविले जातात. म्हणजे कोणीही स्पर्श न केलेल्या चित्रातही दोन तृतीयांश रंग हे अनुमानच असते. तेव्हा संस्कार करावा की न करावा, हा प्रश्न फोल आहे. कोणता करावा, एवढाच प्रश्न उरतो.

आपल्याकडील जुन्या पेढ्यांवर कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. दिवसभराचे व्यवहार घडले त्या क्रमाने कीर्दीत लिहिले जात, आणि त्यांवरून खातेवार मांडणी करून खतावणी सजविली जाई. खतावणी सुबक असावी, यात गैर काही नव्हते. परंतु कीर्दीत नसलेली रक्कम खतावणीत आली, की मुनिमाच्या नीतीविषयी शंका घेतली जाई. रॉ फाइल ही छायाचित्रकाराची कीर्द होय. उजेड कमी-अधिक करणे, दबलेला तपशील उजळणे, कडा कापणे ही खतावणीची कामे झाली.

खोटेपणा कोठे सुरू होतो, ते शर्यतीच्या चित्रांत चांगले दिसते. आजचे स्वार वळणावर उभ्या रेषेपासून साठ अंशांहून अधिक कलतात. तेवढ्याने समाधान न होऊन एखादा चित्रच थोडे फिरवितो आणि स्वाराला आणखी पाच अंश धैर्य बहाल करतो. दुसरा दोनहजाराव्या भागातील स्थिर चित्राची पार्श्वभूमी संगणकावर ओढून काढतो. पण चाकाचे आरे त्याची चहाडी करतात. तिसऱ्याला मागे पिवळा झेंडा घेऊन उभा असलेला मार्शल नकोसा वाटतो, आणि तो त्याला पुसून टाकतो.

हा शेवटचा अपराध मला सर्वांत गंभीर वाटतो. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, अशी सूचना. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या शर्यतीत तेरा वर्षांचा एक स्वार अपघातात मरण पावला. त्याच वर्षी ग्रेटर नोएडा येथे उष्म्यामुळे मुख्य शर्यतीच्या चोवीस फेऱ्यांच्या एकवीस कराव्या लागल्या. तेथील चित्राला कोणी थंड निळसर छटा दिली, तर रंग कदाचित प्रसन्न होतील, पण स्वारांनी सोसलेला तो उष्मा चित्रातून निघून जाईल. चित्रातून झेंडा गेला, मार्शल गेला, ऊन गेले, की उरतो तो केवळ पराक्रम. आणि त्या चित्रांवर वाढणाऱ्या मुलांना त्याची किंमत कळत नाही.

वृत्तसंस्थांनाही हा पेच जाणवला आहे. रॉयटरने २०१५ मध्ये आपल्या मुक्त छायाचित्रकारांना रॉ फायलींवरून केलेली चित्रे पाठवू नका, असे कळविले. वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेत मात्र अंतिम फेरीतील चित्रांच्या मूळ फायली तपासण्यासाठी मागितल्या जातात. पहिल्या उपायात कीर्दीचा वापरच टाळला आहे. दुसऱ्यात ती उघडून दाखवावी लागते. मला दुसरा उपाय अधिक पटतो. रॉ फायलीवर केलेले संस्कार मूळ नोंद न बदलता वेगळ्या सूचनांच्या रूपाने ठेवता येतात. त्यामुळे पडताळा पाहणे अवघड नाही.

श्रोतेहो, यापुढे शर्यतीचे चित्र समोर आले, तर स्वारावरून दृष्टी क्षणभर काढा. चाकाचे आरे पाहा, क्षितिजाची रेषा पाहा आणि कडेला कोण उभे आहे तेही पाहा. तेथे वेगाच्या खुणा असतील आणि धोक्याची सूचना देणारा माणूसही आपल्या जागी असेल, तर ते चित्र घेणाऱ्याने आपले काम चोख केले आहे, असे खुशाल समजावे.