आपल्याच खेळाची उलटतपासणी



कायद्याच्या पदवीदान समारंभात पाहुण्याने एखाद्या थोर न्यायमूर्तींची कारकीर्द मांडायची, असा प्रघात आहे. मी आज बर्फावरच्या हॉकीतल्या एका गोलरक्षकाबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव केन ड्रायडेन. कॅनडाचा. २०२५च्या ५ सप्टेंबरला, वयाच्या ७८व्या वर्षी तो गेला. तुमच्यासारखाच तोही कायद्याचा पदवीधर होता, आणि ती पदवी त्याने जगातल्या सर्वांत नावाजलेल्या हॉकी संघाकडून खेळता खेळता मिळवली. पण मला तो आठवतो तो त्याने पुढे त्या शिक्षणाचं जे केलं त्यासाठी.

हा खेळ आपल्याकडे लडाखमध्ये गोठलेल्या तळ्यांवर खेळतात. इतरांना तो फारसा माहीत नाही, म्हणून दोन शब्द सांगतो. मैदान दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद, सगळा बर्फ. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, तिला पक म्हणतात. वजन सुमारे १७० ग्रॅम, आणि जोरात मारली तर वेग ताशी दीडशे किलोमीटरच्याही वर. बाकीचे खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून पळतात आणि बदली खेळाडूला जागा देऊन बाकावर येऊन बसतात. गोलरक्षक मात्र साठही मिनिटं सहा फूट रुंद आणि चार फूट उंच जाळ्यासमोर उभा. आपल्या यष्टिरक्षकासारखं त्याचं आयुष्य असतं: शंभर चेंडू नीट धरले तर कुणाच्या लक्षात राहत नाहीत, सुटलेला एक मात्र सगळ्यांना आठवतो.

ड्रायडेनचा जन्म १९४७चा, हॅमिल्टनचा. लहानपण टोरांटोलगतच्या एटोबिकोमध्ये गेलं. वडिलांनी, मरी ड्रायडेन यांनी, घरामागचं अंगण फरसबंद करून दोन्ही टोकांना जाळी उभी केली होती. थोरला भाऊ डेव्ह गोलरक्षक, म्हणून धाकटाही गोलरक्षक झाला. पुढे २० मार्च १९७१ रोजी मॉन्ट्रिऑलमध्ये हे दोघे भाऊ कॅनडा-अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगच्या एकाच सामन्यात समोरासमोरच्या जाळ्यांत उभे राहिले. लीगच्या इतिहासात दोन भाऊ गोलरक्षक म्हणून असे प्रथमच भिडले. सामना संपल्यावर दोघांनी मैदानाच्या मधोमध येऊन हात मिळवले.

या मरी ड्रायडेन यांचा आपल्या देशाशी एक धागा आहे. भारतात फिरताना रस्त्यावर उघड्यावर झोपणारी मुलं त्यांनी पाहिली आणि ते दृश्य त्यांच्या मनातून गेलं नाही. १९७०मध्ये त्यांनी पत्नी मार्गरेट यांच्यासह गरीब मुलांना अंथरूण-पांघरूण, मच्छरदाणी, कपडे पुरवणारी एक संस्था सुरू केली. तिच्या मदतीचे पहिले पन्नास संच भारतातच वाटले गेले. पुढे डेव्हने ते काम सांभाळलं. केनची पुढची वाटचाल समजून घ्यायची तर हे घर लक्षात ठेवावं लागतं. त्या घरात पाहिलेली गोष्ट पाहून सोडून देण्याची रीत नव्हती.

सोळाव्या वर्षीच बोस्टनच्या संघाने ड्रायडेनला निवडलं आणि थोड्याच दिवसांत त्याचे हक्क मॉन्ट्रिऑल कॅनेडियन्सकडे गेले. त्या काळी अशा मुलाने शिक्षण गुंडाळायचं आणि कनिष्ठ लीगमध्ये घाम गाळायचा, हीच वाट होती. तो कॉर्नेल विद्यापीठात गेला, इतिहास शिकला, १९६९मध्ये पदवी घेतली. तिथे खेळलेल्या सामन्यांपैकी ७६ जिंकले, फक्त ४ हरले. मग मॉन्ट्रिऑलला येऊन मॅकगिल विद्यापीठात कायद्याला प्रवेश घेतला आणि सोबत कॅनेडियन्सच्या दुय्यम संघाकडून खेळू लागला.

मार्च १९७१मध्ये त्याला मुख्य संघात बोलावलं. साखळीतले सहा सामने खेळला, सहाही जिंकले. बाद फेरीत समोर बोस्टन ब्रुइन्स, म्हणजे बॉबी ऑर आणि फिल एस्पोझिटो या दिग्गजांचा संघ. एस्पोझिटोने एकट्याने त्या हंगामात ७६ गोल केले होते. अशा संघापुढे सहा सामन्यांचा अनुभव असलेला एक विधी शाखेचा विद्यार्थी उभा केला गेला आणि मॉन्ट्रिऑलने मालिकेच्या सातव्या सामन्यात बोस्टनला स्पर्धेबाहेर काढलं. पुढे लीगचं अजिंक्यपद, म्हणजे स्टॅनली कपही जिंकला. बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून ड्रायडेनला कॉन स्माइथ करंडक मिळाला. सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक त्याला त्यानंतरच्या वर्षी मिळाला, कारण नियमानुसार तो तेव्हाही नवोदितच होता!

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही यशस्वी माणसाची असू शकते. मला तुम्हाला १९७२कडे न्यायचं आहे.

त्या सप्टेंबरमध्ये कॅनडाचे व्यावसायिक खेळाडू आणि सोव्हिएत संघ यांच्यात आठ सामन्यांची मालिका झाली. हॉकी हा आपलाच खेळ, आठही सामने आपणच जिंकणार, असं कॅनडात बहुतेकांना वाटत होतं. २ सप्टेंबरला मॉन्ट्रिऑलमध्ये पहिला सामना. जाळ्यात ड्रायडेन. सात मिनिटांच्या आत कॅनडा २-० ने पुढे. आणि मग सोव्हिएत खेळाडूंनी सात गोल केले. निकाल ७-३. व्हँकुव्हरच्या चौथ्या सामन्यात पुन्हा ड्रायडेन जाळ्यात, पुन्हा हार, ५-३, आणि आपल्याच प्रेक्षकांनी संघाची हुर्यो उडवली.

चूक कुठे होत होती, हे समजून घेण्यासारखं आहे. कॅनडातले खेळाडू संधी दिसली की सरळ फटका मारत. म्हणून तिथला गोलरक्षक जाळ्यातून पुढे येई. पुढे आलं की मारणाऱ्याला मागचं जाळं कमी दिसतं. सव्वासहा फुटांहून उंच ड्रायडेनला हे फार उत्तम जमे. सोव्हिएत खेळाडू मात्र सहजासहजी फटका मारत नसत. ते पक एकमेकांकडे आडवा सरकवत राहत, आणि पुढे आलेल्या गोलरक्षकाला बाजूला ठेवून रिकाम्या जाळ्यात तो ढकलत. म्हणजे ड्रायडेनची जी हुकमी ताकद होती तीच त्याला नडत होती.

ज्या सवयीने सगळं मिळवून दिलं ती पंधरा-वीस दिवसांत मोडायची, तीही मॉस्कोत, साऱ्या देशाचे डोळे लागलेले असताना! ड्रायडेनने ती मोडली. तो जाळ्याजवळ मागे राहून खेळू लागला. सहावा सामना कॅनडाने ३-२ असा जिंकला. २८ सप्टेंबरच्या आठव्या आणि निर्णायक सामन्यात शेवटचं सत्र सुरू होताना कॅनडा ५-३ ने मागे होता. सामन्याची ३४ सेकंदं उरलेली असताना पॉल हेंडरसनने गोल केला आणि ६-५ असा विजय मिळाला. कॅनडातली त्या पिढीची माणसं तो क्षण आपण कुठे पाहिला हे सांगत असतात. मला हेंडरसनच्या गोलइतकंच, दोन सामने हरल्यावर आपली पद्धत चुकते आहे हे मान्य करणाऱ्या त्या पंचवीस वर्षांच्या मुलाचं मोल वाटतं.

पुढच्या वर्षी त्याने आणखी एक गोष्ट केली, जी आपल्याकडे कुणाच्या आईवडिलांना रुचली नसती. १९७३मध्ये मॅकगिलची कायद्याची पदवी हातात आली, संघाने पुन्हा स्टॅनली कप जिंकला, वर्षातल्या सर्वोत्तम गोलरक्षणाचा वेझिना करंडकही मिळाला. तरी संघाने देऊ केलेला मोबदला इतर गोलरक्षकांच्या मानाने न्याय्य नाही, असं त्याचं मत होतं. त्याने १९७३-७४चा अख्खा हंगाम सोडला आणि टोरांटोच्या एका वकिली कार्यालयात उमेदवारी केली. आठवड्याला दीडशे डॉलरही मिळत नव्हते. तुमच्यापैकी बरेच जण पुढच्या महिन्यापासून कुणा ज्येष्ठांच्या हाताखाली फायली वाहणार आहात, तारखा घेणार आहात. हेच काम तेव्हा लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक करत होता. वर्षभराने तो नव्या करारावर मैदानात परतला.

आपल्या घरांमधून 'आधी डिग्री घे, मग काय ते खेळ' असं सांगतात. त्यामागची काळजी खरी आहे, पण त्यात पदवी अडचणीच्या दिवसांसाठी कपाटात ठेवायची वस्तू होऊन बसते. ड्रायडेनने ती रोज वापरली. वाटाघाटीला बसताना वापरली, आणि खेळताना तर सतत. १९७६ ते १९७९ सलग चार वेळा मॉन्ट्रिऑलने स्टॅनली कप जिंकला. १९७६-७७च्या साखळीत ८० सामन्यांत हा संघ फक्त ८ हरला. इतक्या बलाढ्य संघाच्या गोलरक्षकाला कामच कमी. दहा-दहा मिनिटं पक त्याच्याकडे फिरकत नसे आणि मग अचानक एकच फटका येई. अशा वेळी तो काठीच्या टोकावर हात आणि हातांवर हनुवटी टेकवून उभा राही. त्याचं हे छायाचित्र जगभर ओळखलं जातं. बघणाऱ्याला तो निवांत वाटे. प्रत्यक्षात त्याच्या डोक्यात प्रश्न चालू असत: या संघाला खरंच माझी गरज आहे का, लोक मला कशासाठी पैसे देतात, हिंसा या खेळात इतकी का मुरली आहे. सहा स्टॅनली कप, पाच वेझिना करंडक, ३९७ सामन्यांत २५८ विजय आणि केवळ ५७ पराभव, अशी नोंद मागे ठेवून १९७९मध्ये, एकतिसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला. त्या प्रश्नांतून १९८३मध्ये 'द गेम' हे पुस्तक आलं. शेवटच्या हंगामातल्या मोजक्या दिवसांचं ते चित्रण आहे आणि खेळावरच्या उत्तम पुस्तकांत आजही त्याची गणना होते.

नंतरच्या वर्षांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांची यादी लांब आहे. ओंटारिओ प्रांतात तरुणांच्या रोजगाराचं काम. शाळा आतून कशी चालते हे कळावं म्हणून वर्षभर एका माध्यमिक शाळेच्या वर्गात बसून लिहिलेलं पुस्तक. टोरांटो मेपल लीफ्स संघाचं अध्यक्षपद. २००४ला खासदार आणि सामाजिक विकास मंत्री. मंत्री म्हणून त्याने दहाही प्रांतांशी बोलून देशभर बालसंगोपन केंद्रांचे करार घडवले. २००६मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने ते करार गुंडाळले. असं व्यापक बालसंगोपन धोरण कॅनडाने पुन्हा हाती घेतलं ते २०२१मध्ये. पंधरा वर्षं मधे गेली. ते काम तेव्हाच पुढे गेलं असतं तर एक पिढी त्याच्या सावलीत वाढली असती, असं मला मनापासून वाटतं.

आता ज्यासाठी मी हे सगळं सांगितलं त्याकडे येतो.

स्टीव्ह मोंटाडोर नावाचा एक बचाव खेळाडू होता. लीगमध्ये पाचशेहून अधिक सामने खेळला. डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसला. फेब्रुवारी २०१५मध्ये पस्तिसाव्या वर्षी तो गेला. मृत्यूनंतर मेंदूची तपासणी झाली तेव्हा वारंवारच्या आघातांनी होणारा मेंदूचा विकार त्यात आढळला. ड्रायडेन तेव्हा सत्तरीकडे झुकलेला होता. खेळाने त्याला नाव, पैसा, प्रतिष्ठा सगळं दिलं होतं. गौरव समारंभांना जाऊन टाळ्या घेणं त्याला सहज शक्य होतं. तो मोंटाडोरच्या घरच्यांना, सोबत खेळलेल्यांना, डॉक्टरांना भेटत राहिला आणि २०१७मध्ये 'गेम चेंज' हे पुस्तक लिहिलं.

त्यातला युक्तिवाद तुम्ही कायद्याचे विद्यार्थी म्हणून वाचावा. तो कुणाला खलनायक ठरवत नाही. खेळ बदलला तर तो आपला राहणार नाही, या भीतीला तो इतिहासाने उत्तर देतो. या खेळात एके काळी पक पुढच्या खेळाडूकडे देण्यावरच बंधन होतं. १९२९च्या हंगामात ते उठलं आणि आजचा वेगवान खेळ जन्मला. १९५९मध्ये गोलरक्षक जाक प्लांटने चेहऱ्यावर फटका बसल्यावर मुखवटा घातला, तेव्हा त्याच्या प्रशिक्षकालाच ते पटत नव्हतं. आज मुखवट्याशिवाय गोलरक्षकाची कल्पना कुणी करत नाही. मग ड्रायडेन खेळाच्या वेगाचा हिशोब मांडतो: पूर्वी खेळाडू दोन-दोन मिनिटं मैदानात असत, दमत, सावकाश होत, आता बदली पटापट होतात, सगळे सतत पूर्ण वेगात, म्हणून टक्कर अधिक भयंकर. म्हणून त्याचं म्हणणं एवढंच: डोक्यावर बसलेली प्रत्येक धडक हा गुन्हा माना, हेतू काय होता, टाळता आली असती का, हे विचारत बसू नका. मेंदूला हेतू कळत नाही.

लीगने ते मान्य केलं नाही. नियमपुस्तकातला ४८वा नियम आजही डोक्याच्या धडकेला शिक्षा देताना दोन अटी घालतो: डोकं हाच धडकेचा मुख्य भाग असला पाहिजे आणि ती धडक टाळता येण्यासारखी असली पाहिजे. ड्रायडेनची लढाई या अटींशी होती आणि ती त्याच्या हयातीत निकाली निघाली नाही.

तो नियम छोटा आहे. आज संध्याकाळचे पेढे वाटून झाले की तो जरूर वाचा, आणि त्या दोन अटींमुळे कोण सुटतो आणि कोण जायबंदी होतो हे तुमच्या शिक्षकांशी बसून तपासा.