कंपनीचा धोका आणि बाईचा हंडा
(पारनेर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



पारनेरला दुष्काळ नवा नाही. १९७२ चा दुष्काळ इथल्या आज्यांनी खडी फोडून काढला. २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये पुन्हा टँकरची वाट पाहिली. आता पाऊस महिनाभर दडी मारतो आणि एका दिवसात माती वाहून नेतो. या हवामान बदलाची धास्ती कंपन्यांनीही घेतली आहे. सुप्याची एमआयडीसी आपल्याच तालुक्यात आहे. पाणी आटलं तर यंत्रही थांबतं. शेअर बाजारातल्या सगळ्यात मोठ्या एक हजार कंपन्यांना तर आपण किती पाणी उपसतो, हे २०२२-२३ पासून दरवर्षी जाहीर करावं लागतं.

दुसरीकडे २०१३ चा कंपनी कायदा आहे. त्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान २ टक्के समाजासाठी खर्च करायचे आहेत, आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यायचं आहे. यालाच सीएसआर म्हणतात. म्हणून हा पैसा नाला खोलीकरणात, बंधाऱ्यात येतो. येऊ द्या. पण माझा प्रश्न आहे, धोका कुणाचा मोजला?

बंधाऱ्यानं विहिरींना पाणी वाढतं, पण विहीर ज्याची जमीन त्याची. जिचं नाव सातबाऱ्यावर नाही, तिनं बंधाऱ्यावर पाट्या वाहिल्या तरी चैत्रात ती हंडा घेऊन लांबच जाते. वाढलेल्या पाण्यावर दुसरं पीक निघतं, त्याची खुरपणीही तिच्याच वाट्याला. कंपनीच्या अहवालात मात्र ‘इतके लिटर पाणी अडवले’ एवढंच येतं.

पाणी अडवणं हे अर्धं काम. वाटपाचा नियम हे उरलेलं अर्धं. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर पाणलोटाचं काम झालं, तेव्हा जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर गावानं बंधन घातलं. पुरंदरच्या नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं तर जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर पाणी वाटलं. उसाला पाणी नाही, आणि भूमिहीनालाही हक्क. १९७२ च्या दुष्काळातून शिकलेला हा धडा आपल्याकडे असताना कंपनीचा नकाशा आपण मुकाट्यानं का स्वीकारायचा?

म्हणून तीन कामं करू या. पहिलं, मंजूर प्रकल्पांची माहिती कंपनीला आपल्या वेबसाइटवर द्यावी लागते. शिकलेल्या मुलींकडून ती काढून घ्या आणि गटाच्या बैठकीत वाचा. दुसरं, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. तिथं ठराव करा: आधी पिण्याचं पाणी, मग भूमिहीन आणि एकट्या बाईचा वाटा, मग शेती. हा ठराव झाल्याशिवाय बंधाऱ्याचा नारळ फुटू द्यायचा नाही. तिसरं, काम सुरू होण्याआधी आणि नंतर बाईच्या किती खेपा वाचल्या, हे आपणच मोजायचं आणि कंपनीपुढे ठेवायचं.

उद्घाटनाला आपल्याला कलश घेऊन उभं करतात. बायांनो, कलश खाली ठेवा आणि पाणी कुणाला मिळणार हे जिथं ठरतं, त्या बैठकीत जाऊन बसा. हा पैसा कुणाचा उपकार नाही, कायद्यानं तो समाजाला द्यायचा आहे, आणि त्या समाजात आपण अर्ध्या आहोत.