मुक्त ज्ञानाचा सहकार



'ओपन सोर्स' हा शब्द कानी पडला की तो पुण्या-बंगळुरूच्या संगणक कंपन्यांचा विषय आहे, असे आपल्याला वाटते. वस्तुतः आपल्यापैकी अनेकांच्या खिशातील अँड्रॉइड भ्रमणध्वनी ज्या 'लिनक्स'च्या गाभ्यावर चालतो, तो याच पद्धतीचे फलित आहे. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपली आज्ञावली सर्वांसमोर मांडली आणि जगभरातील हजारो जणांनी तीत भर घातली. तिच्या परवान्याचे सार असे : हे ज्ञान वापरा, तपासा, सुधारा; मात्र सुधारलेली आज्ञावली दुसऱ्याला देताना तिचे मूळही त्याच अटींवर खुले ठेवा. फुकट मिळणे हा या विचाराचा आत्मा नव्हे. घेतले ते वाढवून समाजाला परत देणे, हा त्याचा आत्मा आहे.

संघटित उद्योग आपल्या भूमीला नवा नाही. जुन्नरच्या लेण्यांतील प्राचीन शिलालेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. अन्य श्रेणींकडे लोक विश्वासाने ठेवी ठेवीत. हा वारसा अभिमानास्पद आहे. परंतु अभिमानात रमताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. पुढे आपल्याकडे कारागिराचे ज्ञान घराण्याच्या आणि जातीच्या चौकटीत बंदिस्त झाले. बापाने मुलाला सांगितले तेवढे टिकले. जे सांगितले नाही, ते त्याच्याबरोबर चितेवर गेले.

ही चौकट मोडण्याचा एक मोलाचा प्रयोग आपल्या शेजारीच झाला आहे. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ या दुष्काळी गावी विज्ञान आश्रम उभारला. शाळेत न रमलेला मुलगा हाताने काम करता करता शिकतो, ही त्यांची श्रद्धा होती. तेथील विद्यार्थी वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती शिकतात आणि त्याच कौशल्याने गावाला सेवाही देतात. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीचे प्रा. नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने तेथे 'फॅब लॅब' सुरू झाली. अमेरिकेबाहेरील अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. दुधाची प्रत तपासणारी आणि डिझेल इंजिनाची जुळणी मोजणारी उपकरणे तयार करण्याचे प्रयत्न तेथे झाले. दूध उत्पादकाला दुधाची प्रत स्वतः मोजता आली, तर संकलन केंद्रावर तो अधिक आत्मविश्वासाने उभा राहील. ज्ञानाचा संबंध असा थेट सन्मानाशी आहे.

खोडदचे उदाहरण तर आपल्या अंगणातले. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे, म्हणजे जीएमआरटीचे, पंचेचाळीस मीटर व्यासाचे ३० अँटेना या परिसरात पसरले आहेत. २००२ पासून ही दुर्बीण जगभरातील शास्त्रज्ञांना प्रस्तावांच्या गुणवत्तेवर उपलब्ध आहे. २०१० ते २०१२ या काळात तिने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचे सर्वेक्षण केले आणि त्याची नोंद खुली ठेवली गेली. हुइब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती स्वतंत्रपणे नव्याने अभ्यासून सहा लाखांहून अधिक रेडिओस्रोतांची सूची २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. खोडदला टिपलेले आकाश परदेशी अभ्यासकांनी वाचले आणि त्याचे फळ पुन्हा सर्वांना मिळाले. नोंद कुलपात राहिली असती, तर हे घडले नसते.

मग मनात प्रश्न येतो : आकाश खुले करणाऱ्या या परिसरात शेताच्या बांधावरचे ज्ञान का बंद राहावे? मंचरच्या बटाट्यासाठी, ओतूरच्या कांद्यासाठी, नारायणगावच्या टोमॅटोसाठी गावचा कारागीर अवजारात बदल करतो. तो बदल कोठे लिहिलेला नसतो. कारागीर थकला, मुलगा चाकणच्या कारखान्यात गेला, की ती बुद्धी संपते. शेजारच्या गावातला दुसरा कारागीर पुन्हा पहिल्यापासून चाचपडतो. हे नुकसान कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही.

आक्षेप रास्त आहे : आराखडा सर्वांना दिला, तर कारागिराने खायचे काय? मुक्त ज्ञान म्हणजे फुकट श्रम नव्हेत. यंत्र बनवणे, बसवणे, दुरुस्त करणे, शिकवणे यांचे मोल घ्यावेच. मुक्त आज्ञावलींची सेवा देऊन वाढलेली 'रेड हॅट' ही कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलर्सना विकत घेतली. आपल्या आराखड्यावर एखादा मोठा कारखानदार नफा कमावील, हा धोकाही खरा आहे. म्हणूनच एकट्याने नव्हे, तर गटाने पुढे यावे आणि परवान्याच्या अटी विचारपूर्वक ठरवाव्यात.

कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात तीन कामे हाती घ्यावीत. पहिले, एका कारागिराजवळ बसून त्याच्या एका अवजाराची मापे, साहित्य, खर्च आणि फसलेले प्रयत्नसुद्धा मराठीत लिहून काढावेत. त्यावर त्याचे नाव घालावे आणि त्याची संमती घ्यावी. दुसरे, ती नोंद शेजारच्या गावाला द्यावी आणि तेथे झालेली सुधारणा परत मागून घ्यावी. तिसरे, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी खोडदला प्रदर्शन पाहायला जाणाऱ्या मुलांनी यापुढे आपल्या गावचे एखादे अवजारही बरोबर न्यावे.

परदेशातून आलेले ज्ञान वापरण्यात कमीपणा नाही. केवळ वापरत राहण्यात आहे. ज्याला देण्याजोगे काही आहे, तोच खरा स्वावलंबी. आपल्या कारागिरांकडे ते निश्चित आहे. ते लिहून काढण्याचे काम आपले आहे.